डोंगरावरचा वणवा आणि शहरातला बंब

चैत्री पौर्णिमेस जोतिबाच्या डोंगरावर गेलेल्या वाचकांनी गगनास भिडणाऱ्या सासनकाठ्या पाहिल्या असतील, गुलालाने माखलेल्या पायऱ्या पाहिल्या असतील. परंतु गर्दीच्या कडेस उभा असलेला तांबडा बंब कितीजणांच्या ध्यानात राहिला असेल, याची आम्हांस शंकाच आहे. आमच्याही तो राहिला नसता. एके वर्षी यात्रा उलगडल्यावर आठवड्याने आम्ही पुनः डोंगरावर गेलो, तो खालच्या उतारावरील वाळल्या गवतास वणवा लागलेला. बंब कोठे म्हणून चौकशी करता एक नारळवाला म्हणाला, "तो यात्रेपुरता येतोय, गुरुजी. यात्रा सरली, की बंबबी गेला कोल्हापुरास." गावची पोरे ओल्या डहाळ्या घेऊन धावली आणि त्यांनी झोडपून झोडपून तो वणवा विझविला. वारा उलटा असता, तर काय झाले असते, हे सांगवत नाही.

बंब यात्रेपुरताच का येतो, याचे उत्तर डोंगरावर नसून आपल्या राज्यघटनेत आहे. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने घटनेस बारावी अनुसूची जोडली गेली. तीत नगरपालिकांकडे सोपवावयाच्या अठरा कामांत अग्निशमन सेवा स्पष्ट शब्दांत नोंदलेली आहे. त्याच वर्षी ग्रामपंचायतींसाठी जी अकरावी अनुसूची झाली, तीत विषय एकोणतीस आहेत. पण अग्निशमनाचे नाव नाही! जोतिबाचे गाव म्हणजे पन्हाळा तालुक्यातील वाडी रत्नागिरी. तेथे ग्रामपंचायत आहे. लक्षावधी भाविक ज्या गावी एका दिवसात लोटतात, ते कायद्याच्या दृष्टीने एक खेडेच होय.

आता पैशाचे पाहू. शहरातील दलाचा खर्च महापालिकेच्या तिजोरीतून, म्हणजे नागरिकांच्या करांतून चालतो. शिवाय महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यान्वये नव्या इमारतींवर अग्निसेवेचे शुल्क आकारता येते. याचा परिणाम असा, की जेथे मजल्यांवर मजले चढतात तेथे द्रव्य जमते. आणि जेथे नारळ-कापराची दुकाने, वाळके गवत आणि एकावर एक चेपलेली माणसे असतात, तेथे धोका असूनही द्रव्य जमत नाही. औद्योगिक वसाहतींस स्वतःचे बंब असतात, कित्येक साखर कारखानेही ते बाळगतात. देवाच्या डोंगरास मात्र पाहुण्या बंबावर विसंबावे लागते.

अंतराचा हिशेब तर याहून कठोर आहे. केंद्र सरकारच्या अग्निशमन सल्लागार मंडळाने शहरात पाच ते सात मिनिटांत व ग्रामीण भागात वीस मिनिटांत बंब पोचावा, असे मान धरले आहे. कोल्हापूर ते जोतिबा हे अंतर सुमारे १८ किलोमीटर, केर्लीनंतर चढणीचा रस्ता, आणि पोटात काही हजार लिटर पाणी घेतलेली जड गाडी. यात्रेच्या दिवशी त्याच वाटेवर मोटारींची रांग असते, हे वेगळेच. पुनः ते पाणी पूर्ण दाबाने सोडले तर काही मिनिटांतच संपते. दुसरे आणावयाचे कोठून, हा प्रश्न उरतोच.

बंब वेळेवर आला, तरी सर्व काही वाचतेच असे नाही. दलाच्या कामाचा क्रम ठरलेला असतो : प्रथम माणसे बाहेर काढावयाची, मग आग शेजारी पसरू द्यावयाची नाही, मग ती विझवावयाची आणि सर्वांत शेवटी चीजवस्तू. आपण गृहस्थ मात्र आधी तिजोरीकडे धावतो. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापुरात केशवराव भोसले नाट्यगृह पेटले. छत्रपती शाहू महाराजांनी १९१५ मध्ये पॅलेस थिएटर म्हणून उभारलेली ती वास्तू. दुसरा दिवस केशवरावांच्या जयंतीचा. भर शहरात, दल जवळ असूनही, आतील लाकूडकामाने पेट घेतल्यावर रंगमंच व छत हाती लागले नाही. ज्या रंगमंचावर आमच्या पिढीने नाटके पाहिली, त्याची राख झालेली पाहून डोळे पाणावले. तथापि जीवितहानी झाली नाही, हेही नोंदले पाहिजे.

निर्णयास उशीर झाला, तर काय होते, हे मुंबईने १४ एप्रिल १९४४ रोजी पाहिले. 'फोर्ट स्टिकीन' जहाजास लागलेली आग विझवावी, की जहाज तेथेच बुडवावे, याचा निर्णय होईना, आणि तेवढ्यात दारूगोळा उडाला. दलाचे ६६ जवान त्यात कामी आले. म्हणूनच १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात. चैत्री यात्राही बहुधा त्याच सुमारास येते.

कौटिल्याने अर्थशास्त्रात नागरिकाची कर्तव्ये सांगताना घरोघरी पाण्याचे घडे, शिडी, परशू, छप्पर ओढावयाचा आकडा व कातडी पखाल ठेवावी, असे म्हटले आहे. आग लागली असता धावून न जाणाऱ्या घरमालकास बारा पण दंड, भाडेकऱ्यास सहा. २००६ चा कायदाही आग प्रतिबंधक साधने सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकावर व भोगवटादारावरच टाकतो. आमचे म्हणणे इतकेच, की घरधनी आणि शहराचा बंब या दोहोंच्या मध्ये जी पोकळी आहे, ती कोणीतरी भरावी. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीवरून केंद्राने २०२३ मध्ये राज्यांच्या अग्निशमन सेवांसाठी ५,००० कोटी रुपयांची योजना काढली. त्यासारख्या पैशातून, जिल्हा परिषद व देवस्थान समितीने वाटा उचलून, डोंगरावर बारमाही एक लहान बंब, पाण्याची राखीव टाकी आणि गावच्याच चार शिकविलेल्या तरुणांची तुकडी ठेवणे काही अशक्य नाही. ओल्या डहाळ्या घेऊन धावलेल्या पोरांपाशी धैर्य पुष्कळ होते. पायांत साधे बूटही नव्हते.

पुढल्या खेपेस गेलो तेव्हा त्या नारळवाल्याच्या दुकानापुढे पाण्याची दोन पिंपे व वाळूच्या बादल्या दिसल्या. आम्ही विचारले, तेव्हा म्हणाला, "गुरुजी, केर्लीपास्नं बंब वर येईस्तोवर एवढं पुरंल का?" आम्हांस उत्तर देता आले नाही.