आज एएफची केस

सकाळी ६.४५

आल्याआल्या डिफिब चार्ज करून बघायचा, मग बाकीचं. रेकॉर्डिंग सिस्टीम, मॅपिंगचा संगणक, आरएफ जनरेटर, सलाइनचा पंप. मी कॅथ लॅबमधली ईपी टेक्निशियन, म्हणजे हृदयातल्या विजेच्या रेघा दिवसभर बघत बसणारी. कॅथेटरांची पाकिटं यादीशी ताडून ठेवते, पण फोडत नाही. बिलातला मोठा वाटा त्यांचाच असतो. एखादं फोडलं आणि केस रद्द झाली, तर तो खर्च कुणाच्या माथी यावर दुपारभर फोन चालतात.

७.३०

आजचे काका फलटणकडचे, बासष्ट वर्षांचे, ऊसवाले. गोळ्या चालू असूनही नाडी बिथरते आणि अलीकडे आठवडा उलटला तरी ताळ्यावर येत नाही. रात्रीपासून एनबीएम, म्हणजे पूर्ण उपाशी आहेत, दोन्ही जांघांची शेव्हिंग झाली आहे. काल संध्याकाळी नळी गिळायला लावून टीईई, म्हणजे अन्ननलिकेतून हृदयाची सोनोग्राफी केली. डाव्या वरच्या कप्प्याला एक छोटी पिशवी असते. तिच्यात गुठळी दिसली असती, तर आज केस झालीच नसती.

माझा पहिला प्रश्न ठरलेला: रक्त पातळ करायची गोळी घेतली का? ऑपरेशन आहे, रक्तस्राव होईल, या धास्तीने घरचे लोक ती परस्पर बंद करतात. एएफमध्ये, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, हृदयाचे वरचे कप्पे आकुंचन न पावता नुसते थरथरतात, रक्त साचतं आणि गुठळी धरते. त्यात आम्ही आत डाग देणार, म्हणजे गुठळी धरायला आणखी एक जागा. म्हणून ही केस गोळी चालू ठेवूनच करतात. डॉक्टरांनी एखादी मात्रा वगळायला सांगितली तर गोष्ट वेगळी. वॉरफरीनवाल्यांचा आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे त्याचा आकडा, फाईलला लागतो. काकांनी गोळी घेतली होती, काकूंनी पाकीटच काढून दाखवलं.

"ताई, नेमकं काय जाळणार?" काकांनी विचारलं. कन्सेंटवर सही झाली होती, पण असे प्रश्न सही झाल्यावरच सुचतात.

फुप्फुसांतून रक्त आणणाऱ्या शिरा, बहुतेकांत चार, हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यात उघडतात. हृदयाचा स्नायू त्यांच्या तोंडातून थोडा आत शिरलेला असतो आणि तिथून अवेळी ठिणग्या सुटतात. फ्रान्समधल्या बोर्दोच्या मिशेल हैसागेर यांच्या चमूने १९९८ मध्ये ४५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात अशा ६९ जागांपैकी ६५ या शिरांमध्येच निघाल्या. तरी शिरेच्या आत जाळत नाहीत. तिच्या तोंडाभोवती कप्प्याच्या भिंतीवर डागांचं कडं करतात. तिथे व्रण धरतो आणि व्रणातून वीज पलीकडे जात नाही.

"म्हंजी बांध घालणार," काका म्हणाले. "आन बांध फुटला तर?"

फुटतो कधी कधी. एवढीशी फट राहिली तरी करंट झिरपतो आणि दुसऱ्यांदा यावं लागतं. हे त्यांना आमच्या डॉक्टरांनी, म्हणजे सरांनीही सांगितलं होतं, पण बांधाच्या भाषेत ते बहुधा आत्ता पोचलं.

८.४५

लॅब थंड असते. मशिनांसाठी तशी ठेवावी लागते, त्यामुळे टेबलावर येणारा प्रत्येक माणूस कुडकुडतो. पाठीवर आणि छातीवर गार चिकट पट्ट्या लागतात. कॅथेटर शरीरात नेमकं कुठे आहे हे संगणकाला त्यांच्यावरून कळतं. मग भूलतज्ज्ञ येतात. काही ठिकाणी नुसती गुंगी देतात, आमच्याकडे बहुधा पूर्ण भूल, कारण पेशंट हलला की नकाशा सरकतो. काकांना आजचं आठवेल ते इथपर्यंतच. लघवीची नळी, श्वासाची नळी आणि अन्ननलिकेतली तापमान मोजणारी तार हे सगळं त्यांच्या झोपेत होतं.

९.३०

सोनोग्राफीवर बघत जांघेतल्या शिरेत सुई, तिच्या वाटेने शीथ, म्हणजे पोकळ नळी. छाती उघडायची नसते, टाकाही फार तर जांघेत एक. शिरेतून वर गेलं की आपण हृदयाच्या उजव्या बाजूला पोचतो आणि काम असतं डाव्या बाजूला. मधल्या पडद्याचा पातळ भाग शोधून त्यातून सुई पलीकडे न्यायची. इथे लॅबमधल्या गप्पा आपोआप थांबतात. इकोवर पडदा तंबूसारखा ताणलेला दिसतो, सुटतो, आणि सर "डावीकडे" एवढंच म्हणतात. रक्त गोठू न देणारं हेपारिन चालू. एसीटी, म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ, ३०० सेकंदांच्या वर ठेवायचा, म्हणून सिस्टर थोड्या थोड्या वेळाने रक्त काढत राहतात.

१०.१५

नकाशा. बहुतारी कॅथेटर भिंतीला टेकवत फिरवायचं, हजारो बिंदू जमतात आणि स्क्रीनवर कप्पा उभा राहतो. बघणाऱ्याला कंटाळवाणं, पण माझा आवडता तास हाच.

११.००

आता डागणं, म्हणजेच ॲब्लेशन. टोकातून सलाइन ठिबकत असतं, वीज ३५ ते ५० वॅट, एका जागी काही सेकंद. भिंतीवर दाब किती ग्रॅम पडतोय तेही दिसतं. कमी पडला तर डाग वरवरचा, जास्त पडला तर भिंतीला भोक पडायची भीती. मागच्या भिंतीशी सगळ्यांचा वेग मंदावतो, कारण तिला लागूनच अन्ननलिका आहे. तारेवरचा आकडा ३८ च्या पुढे सरकू लागला की मी मोठ्याने सांगते आणि सर पेडलवरचा पाय उचलतात. थांबायचं, निवू द्यायचं, दुसरीकडे डाग देऊन परत यायचं.

उष्णतेऐवजी फुगा गोठवून कडं करण्याची पद्धतही आहे. त्यात उजव्या शिरांपाशी श्वासपटलाच्या नसेला जपावं लागतं, म्हणून ती नस मुद्दाम उत्तेजित ठेवतात आणि पेशंटचं पोट उचकी लागल्यासारखं उडत राहतं. अलीकडे विजेच्या अतिशय अल्प वेळाच्या झटक्यांची पल्स्ड फील्ड पद्धत आली आहे. ती हृदयाच्या स्नायूवर जास्त आणि अन्ननलिकेवर कमी परिणाम करते. वेळ वाचतो, खर्च वाढतो.

१२.४५

चारही शिरा शांत. काकांची नाडी मात्र अजून बिथरलेलीच, म्हणून भुलेतच एक शॉक. रेघ सरळ तालात आली. तरी लगेच उठायचं नाही. वीस मिनिटं थांबून प्रत्येक शीर पुन्हा तपासतात, कारण सुजलेली जागा निवल्यावर फट उघडी पडू शकते.

बाहेर मात्र चार तास म्हणजे काहीतरी बिनसलं, असा हिशेब असतो. प्रत्यक्ष डाग द्यायचा वेळ बेरजेने बहुधा तासापेक्षा कमी भरतो. बाकीचा सगळा वेळ, नको तिथे डाग पडू नये यासाठी. हे नातेवाइकांना सकाळीच सांगून ठेवावं असं माझं ठाम मत आहे. डॉक्टरांना जमलं नाही तर मी सांगते.

१.३०

इकोवर हृदयाभोवती पाणी नाही ना, हे बघून घेतलं. शंभरात एखाद्याला तिथे रक्त साचतं आणि सुईने काढावं लागतं. हेपारिन उतरवायचं औषध, शीथ बाहेर, जांघेत आठच्या आकड्याचा टाका. मी डबा खाते.

संध्याकाळी ५.००

रिकव्हरीत काकांची तक्रार हृदयाची नाही, पाठीची. पाय सरळ ठेवून चार ते सहा तास उताणं पडणं हाच दिवसातला खरा जाच. घसा खवखवतो. दीर्घ श्वास घेताना छातीत टोचतं, ते डागांच्या सुजेमुळे, काही दिवसांत जातं. नाडी पूर्वीपेक्षा जलद लागते, कारण तिला लगाम घालणाऱ्या काही नसाही डागांत सापडतात. टाका निघाल्यावर वॉर्डमधले मामा धरून त्यांना खोलीतल्या खोलीत चालवतील. जांघेत निळं होईल, पण गाठ वाढू लागली तर तिथेच घट्ट दाबून हाक मारायची.

६.३०

"सुटले ना हे आता?" काकूंचा प्रश्न.

आज सांगता येत नाही. पहिले दोन महिने नाडी बिथरली तरी ते अपयश धरत नाहीत, व्रण अजून पक्का व्हायचा असतो. एएफ येऊन-जाऊन असेल तर वर्षभरानंतर दहातले साधारण सात जण ठीक असतात. काकांसारखं ठाण मांडलेलं असेल तर कमी. रक्त पातळ करायची गोळी निदान दोन महिने चुकवायची नाही. पुढे ती चालू ठेवायची की नाही हे वय, बीपी, साखर आणि पूर्वीचा पक्षाघात यांवर ठरतं. नाडी तालात आली एवढ्यावर ती सुटत नाही. वजन, घोरणं आणि दारू यांचा हिशेब वेगळा. दारूचं नाव काढताच काका खिडकीबाहेर बघायला लागले.

एक गोष्ट मी काकूंकडून परत म्हणून घेतली: पुढच्या दोन महिन्यांत ताप आला, गिळताना दुखलं, हात-पाय लुळे पडले किंवा बोलणं अडखळलं, तर गावातल्या दवाखान्यात इंजेक्शन घेऊन बसायचं नाही. थेट इकडे यायचं आणि ॲब्लेशन झालंय हे पहिल्यांदा सांगायचं. अन्ननलिकेला इजा झाली असेल तर ती अशी उशिरा दिसते. फार क्वचित, पण जिवावरची. अशा वेळी घाईने एंडोस्कोपी करायची नसते, आधी सीटी स्कॅन. काकूंनी सगळं मुलाच्या मोबाईलवर बोलून ठेवलं.

७.१५

पाकिटांवरचे स्टिकर फाईलला लावले, सिस्टीम बंद केली. उद्या पहिली केस एसव्हीटीची, म्हणजे एकाएकी धावू लागणाऱ्या नाडीची, बहुधा दीड-दोन तासांत उरकणारी. पेशंट पोस्टातली कारकून आहे आणि तिला दुपारपर्यंत मोकळं व्हायचंय असं ओपीडीतून कळवलंय. तिलाही पाय सरळ ठेवून पडून राहावं लागेल, हे बहुतेक कुणी सांगितलेलं नाही. सकाळी सांगेन.