नमुन्यांची पेटी घेऊन विमानतळावर जाताना

मुंबईच्या सहार विमानतळावर आखाताच्या फ्लाइटची रांग लागली की आपल्या व्यापारी बांधवांचे दोन प्रकार सहज ओळखू येतात. एकाच्या हातात पातळशी फाईल असते. तो काउंटरवर दोन मिनिटे बोलतो आणि पुढे निघून जातो. दुसरा काउंटरच्या बाजूला फरशीवर बॅग उघडून बसलेला असतो. सतरंजीसारखा माल पसरलेला, एका हातात फोन, फोनवर ट्रॅव्हल एजंट आणि एजंट म्हणतोय, "भाई, काही होत नाही, जाऊ द्या."

पहिल्या दोन खेपांना मी स्वतः फरशीवर बसलेल्यांपैकी होतो, म्हणून हे लिहिण्याचा थोडा अधिकार मला आहे. विमानतळावर जी अडचण उभी राहते ती बहुतेक वेळा तिथे जन्मलेली नसते. पासपोर्टचा अर्ज भरताना, तिकीट काढताना किंवा बॅग भरताना आपण ती घरीच तयार केलेली असते.

सुरुवात नावापासून करू, कारण यात आपल्या लोकांचे नुकसान सर्वांत जास्त होते. मराठवाडा, खानदेश, विदर्भ या भागांत शेख रहीम शेख करीम अशी नावे लिहिण्याची पद्धत आहे. शेख आधी, मग स्वतःचे नाव, पुन्हा शेख आणि शेवटी वडिलांचे नाव. शाळेच्या दाखल्यावर एक रीत, रेशनकार्डावर दुसरी, आधारवर तिसरी. पासपोर्टच्या अर्जात मात्र आडनाव आणि नाव असे दोनच रकाने असतात. अर्ज भरणारा मुनशी घाईत सगळे नाव एका रकान्यात कोंबतो किंवा एकच शब्द लिहून आडनावाची जागा कोरी सोडतो. देशात याने काही बिघडत नाही. पण २१ नोव्हेंबर २०२२ पासून संयुक्त अरब अमिरातीने पासपोर्टवर एकच शब्द नाव असलेल्यांना भेटीच्या किंवा पर्यटनाच्या व्हिसावर प्रवेश देणे बंद केले. पुढे खुलासा आला की पासपोर्टच्या दुसऱ्या पानावर वडिलांचे किंवा घराण्याचे नाव असेल तर ते धरले जाईल. तरीसुद्धा ज्यांचा पासपोर्ट एका शब्दाचा आहे त्यांनी पासपोर्ट सेवा केंद्रात अर्ज करून आडनावाचा रकाना भरून घ्यावा, आणि हे काम प्रवासाच्या काही महिने आधी करावे. तिकीट हातात पडल्यावर धावपळ करून उपयोग नाही.

दुसरी चूक तिकिटाची. पासपोर्टवर मोहम्मद पूर्ण लिहिलेले असते आणि एजंट सवयीने 'मोहद' लिहून टाकतो. कधी सय्यदमधला एक य जातो, कधी खानच्या जागी वडिलांचे नाव येते. फोनवर स्पेलिंग सांगत बसू नका. पासपोर्टच्या फोटोच्या पानाचे छायाचित्र पाठवा आणि त्याच पानाच्या तळाशी बाणांच्या खुणांसकट ज्या दोन ओळी छापलेल्या असतात, त्यांतील अक्षरे तिकिटाशी आणि व्हिसाशी एकेक करून ताडून पाहा. विमानतळावरचे यंत्र त्याच दोन ओळी वाचते. व्यापाऱ्याला हुंडीवरचा आकडा तपासायला जेवढा वेळ लागतो तेवढाच यालाही लागतो.

अमेरिकेला जाणाऱ्यांना नावाचा वेगळाच त्रास होतो. आपले नाव त्यांच्या संशयितांच्या यादीतल्या एखाद्या नावाशी जुळले की दर वेळी बाजूला बसवून चौकशी होते. हा अनुभव लहानमोठ्या सर्वांना आला आहे. माजी राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांची २००९ मध्ये दिल्ली विमानतळावरच एका अमेरिकी विमान कंपनीने झडती घेतली आणि नंतर त्या कंपनीने माफी मागितली. त्याच वर्षी शाहरुख खानला न्यूआर्क विमानतळावर अडवून ठेवले. मन दुखते, यात शंका नाही. पण मालाची ऑर्डर घ्यायला निघालेल्या माणसाने रांगेत वाद घालून विमान चुकवण्यापेक्षा एक उपाय करावा. अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याने २००७ पासून अशा प्रवाशांसाठी तक्रारीची सोय ठेवली आहे. तिला 'ट्रिप' म्हणतात. अर्ज केला की एक क्रमांक मिळतो आणि पुढच्या तिकिटांत तो लिहिता येतो. नाव एकच पण माणूस वेगळा, एवढे त्यांच्या संगणकाला कळावे यासाठी तो क्रमांक आहे.

आता मालाकडे वळू. माझ्या पहिल्या खेपेची गोष्ट सांगतो. कोल्हापुरी चपलांचे बारा जोड घेऊन मी आखातातल्या एका विमानतळावर उतरलो. कस्टमच्या माणसाने विचारले, विकायला आणले का? मी म्हणालो, नमुने आहेत. त्याने बॅग उलटी केली आणि म्हणाला, नमुना असेल तर बाराही जोड एकाच रंगाचे कशाला? माझ्याकडे उत्तर नव्हते. खरे उत्तर असे होते की ऑर्डर नाही मिळाली तर माल तिथेच विकून तिकिटाचे पैसे काढू, असा हिशेब मनात होता. दोन तास बसलो, जकात भरली आणि भेटीची वेळ टळून गेली. तो गिऱ्हाईक पुन्हा भेटला नाही.

शहाणे झालेले व्यापारी काय करतात ते नंतर कळले. ते एकाच पायाची चप्पल नेतात. बारा जोडांऐवजी बारा नमुन्यांच्या बारा डाव्या चपला. कापडवाला पूर्ण ताग्याऐवजी हातभर तुकडे नेतो, तुकड्याला कोपऱ्यात कात्री मारतो आणि 'सॅम्पल, नॉट फॉर सेल' असा शिक्का मारतो. हिमरू शालीचा विणकर पूर्ण शाल एकच ठेवतो, बाकी नक्षीचे चौकोन. जी वस्तू बाजारात विकता येत नाही ती नमुना आहे हे पटवायला भाषण लागत नाही. मालाची यादी टाईप करून तीन प्रती ठेवाव्यात: एक हातात, एक बॅगेच्या झाकणाच्या आत चिकटवलेली, एक घरी. यादीत वस्तू, नग आणि अंदाजे किंमत असावी. किंमत शून्य लिहू नका, कोणी विश्वास ठेवत नाही. ज्या पेढीला भेटायला चाललात तिचे पत्र आणि आपल्या आयात-निर्यात कोड क्रमांकाची प्रत सोबत असू द्या. हा कोड परकीय व्यापार महासंचालनालयाकडून ऑनलाइन मिळतो आणि आता पॅनचा क्रमांक तोच कोडचा क्रमांक असतो. मुक्तपणे निर्यात करता येणाऱ्या मालाचे खरेखुरे नमुने नेण्यावर आपल्या सरकारची मर्यादा नाही. अडते ते पलीकडच्या जकातीपाशी. दुबईत प्रवाशाच्या भेटवस्तूंना तीन हजार दिरहमपर्यंत सूट आहे, पण प्रवासी त्याच वस्तूंचा धंदा करणारा नसावा अशी अट आहे. तेव्हा माल 'भेट' आहे असे सांगणाऱ्या व्यापाऱ्याच्या खिशात स्वतःचे बिझनेस कार्ड सापडले की काय होईल, ते सांगायला नको.

प्रदर्शनात पूर्ण माल मांडून परत आणायचा असेल तर 'एटीए कार्ने' नावाचे कागद काढावेत. याला मालाचा पासपोर्ट समजा. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने ही पद्धत आली. भारतात हे कागद 'फिक्की' ही संस्था देते, आणि अमिरातीत ते २०११ पासून चालतात. तारण ठेवावे लागते, फीही आहे, पण वर्षभर जकात न भरता माल नेता-आणता येतो. मात्र यावर नेलेला माल तिथे विकायचा नाही. आणि प्रत्येक सीमेवर, जाताना आणि येताना, कस्टमचा शिक्का घेतलाच पाहिजे. शिक्का राहिला तर माल तिथेच विकला असे धरून महिन्यांनंतर जकातीची मागणी येते. यातली खरी मेख अशी की आपल्याकडे बॅग विमान कंपनीच्या ताब्यात देण्याआधी कस्टमला माल दाखवावा लागतो. बॅग पट्ट्यावरून गेली की मग शिक्का कशावर मारणार? म्हणून तीन तास आधी पोहोचा हा सल्ला कार्नेवाल्याने चार तास असा वाचावा.

चोरबाजारातील जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यांना एक सूचना. १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू, आणि हस्तलिखित असेल तर पंचाहत्तर वर्षांचे, देशाबाहेर नेता येत नाही. अडचण नव्या वस्तूचीच जास्त होते. मुरादाबादी पितळेला आपण मुद्दाम जुना रंग देतो, आणि तो रंग इतका चांगला बसतो की अधिकारीही फसतो! अशा मालासाठी पुरातत्त्व खात्याकडून 'ही वस्तू पुरातन नाही' असा दाखला आधीच घ्यावा.

कारागीर बांधवांची हत्यारे हातातल्या बॅगेत कधीच ठेवू नयेत. रापी, कात्री, जरीकामाची आरी, छिन्नी, हातोडी, सगळे खाली जाणाऱ्या सामानात. धारेला जाड कापड गुंडाळा आणि हत्यारे एकावर एक न रचता पसरून ठेवा, म्हणजे यंत्राच्या पडद्यावर प्रत्येक वस्तू वेगळी दिसते. ड्रिल मशीन खाली, पण तिची सुटी बॅटरी मात्र हातातल्या बॅगेत, कारण सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक खालच्या सामानात चालत नाहीत. शंभर वॅट-तासांपर्यंत सहसा हरकत नसते. वीस हजार एमएएचची पॉवर बँक साधारण चौऱ्याहत्तर वॅट-तासांची भरते.

अत्तरवाल्यांनी हातातल्या बॅगेत शंभर मिलिलिटरपेक्षा मोठी कुपी ठेवू नये. सर्व कुप्या मिळून एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत मावल्या पाहिजेत. खालच्या सामानात एक कुपी अर्ध्या लिटरपर्यंत आणि एकूण दोन लिटर, तेही स्वतःच्या वापरापुरते. विक्रीचा माल कार्गोनेच पाठवावा.

घरच्या डब्याकडेही लक्ष द्या. सुके खोबरे तेलामुळे पेट घेते म्हणून विमानात नेता येत नाही. खसखस तर त्याहून गंभीर. आपल्याकडे ती मसाल्यात पडते, अमिरातीत ती अमली पदार्थांत मोजली जाते आणि तिच्यापायी माणसे तुरुंगात गेली आहेत. आईने दिलेला मसाला असला तरी त्यात काय आहे ते विचारा. ट्रॅमाडॉल, कोडीन असलेल्या गोळ्या आणि खोकल्याची औषधे डॉक्टरांची चिठ्ठी आणि तिथली पूर्वपरवानगी असल्याशिवाय नेऊ नका.

आणि दुसऱ्याचे पुडके घेऊ नका, मग देणारा सख्खा नातेवाईक का असेना. २०१९ मध्ये मुंबईचे एक जोडपे दोहा विमानतळावर पकडले गेले. नातेवाईकाने दिलेल्या पाकिटात चरस निघाली. दहा वर्षांची शिक्षा झाली, आणि निर्दोष ठरून परत यायला त्यांना २०२१ उजाडले. आपल्यात "भाईसाठी एवढे घेऊन जा" याला नाही म्हणणे कठीण जाते, हे मला माहीत आहे. सरळ सांगा, पाकीट माझ्यासमोर उघडून, एकेक वस्तू दाखवून द्या. ज्याला राग येईल त्याला येऊ द्या.

कामासाठी जाणाऱ्या कारागिरांनी पासपोर्टवर 'ईसीआर' लिहिले आहे का ते पाहावे. दहावी पास असाल तर दाखला देऊन ते काढून घेता येते. नसेल, तर आखातात नोकरीसाठी जाताना सरकारी मंजुरी लागते. भेटीच्या व्हिसावर जा, काम तिथे लावून देतो, असे म्हणणाऱ्या दलालाकडून पैसे परत मागा.

रोख रकमेचे थोडक्यात. जाताना परकी नोटा तीन हजार डॉलरपर्यंत आणि भारतीय रुपये पंचवीस हजारांपर्यंत. अमिरातीत साठ हजार दिरहमपेक्षा जास्त किंमत जवळ असेल तर जाहीर करावी लागते. भारतात परतताना पाच हजार डॉलरहून अधिक नोटा, किंवा नोटा आणि चेक मिळून दहा हजारांहून अधिक असतील, तर फॉर्म भरा.

वारंवार ये-जा करणाऱ्यांसाठी एक चांगली सोय झाली आहे. 'ट्रस्टेड ट्रॅव्हलर' योजना २०२४ मध्ये दिल्लीत आणि जानेवारी २०२५ पासून मुंबईतही सुरू झाली. ऑनलाइन नोंदणी करून बोटांचे ठसे दिले की इमिग्रेशनची लांब रांग टळते. भारतीयांना ती फुकट आहे.

परतीच्या वाटेवर चूक होते ती सोन्यात आणि स्वतःच्याच वस्तूंत. घरातून महागडा कॅमेरा किंवा दागिने घेऊन निघत असाल तर जातानाच कस्टमकडून निर्यात दाखला घ्या, नाहीतर परतताना ते तिथे विकत घेतले नाहीत हे सिद्ध करत बसावे लागते. सामानावरील सवलतीची मर्यादा २०१६ च्या नियमांत पन्नास हजार रुपये होती. असे आकडे बदलत राहतात, म्हणून दर खेपेला कस्टमच्या संकेतस्थळावर नवा आकडा पाहून निघा. विक्रीचा माल मात्र त्या सवलतीत कधीच बसत नाही. जास्त काही आणले असेल तर लाल मार्गाने जाऊन स्वतः सांगा. जकात भरायला पैसे कमी पडले, तरी खरे जाहीर केलेली वस्तू कस्टमकडे पावती घेऊन ठेवता येते आणि पुढच्या खेपेला देशाबाहेर जाताना परत मिळते. हिरव्या मार्गाने गेलेल्याला ही पावती मागायची सोय राहत नाही.