जरा, देह आणि मन : वार्धक्याकडे पाहण्याची धम्मदृष्टी

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत चार प्रश्न अभ्यासकांपुढे ठेवले आहेत. त्यांपैकी पहिल्या दोन प्रश्नांचा वार्धक्याशी निकटचा संबंध आहे. पहिला प्रश्न सिद्धार्थाच्या परिव्रज्येचा. वृद्ध, रोगी आणि मृत माणूस पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला, ही परंपरेने चालत आलेली कथा बाबासाहेबांनी तर्काच्या कसोटीवर तपासली. वयाच्या २९व्या वर्षापर्यंत एखाद्या माणसाला म्हातारा माणूस दिसलाच नाही, हे बुद्धीला पटणारे नाही, म्हणून त्यांनी ती कथा नाकारली आणि रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलिय यांच्यात उद्भवलेल्या संघर्षाचे कारण पुढे मांडले. दुसरा प्रश्न चार आर्यसत्यांचा. जन्म, जरा, मरण हे सर्वच दुःख असेल तर माणसाला आशा कोठून उरणार आणि मग बुद्धांचा धम्म निराशावादी ठरणार नाही काय, अशी ती रोखठोक शंका होती.

ही शंका पंडितांच्या वादापुरती मर्यादित नाही. १९५६ साली नागपूरच्या दीक्षाभूमीवर आई-वडिलांच्या खांद्यावर बसून आलेली मुले आज सत्तरीच्या घरात आहेत, किंवा ती ओलांडून गेली आहेत. ऐन विशीत ज्यांनी दीक्षा घेतली, त्यांतील जे हयात आहेत ते नव्वदीच्या आसपास पोहोचले आहेत. गुडघे साथ देत नाहीत, दृष्टी मंदावली आहे, चळवळीतील सोबती एकेक करून निघून गेले आहेत, अशा उपासक-उपासिकांना धम्म काय देतो? केवळ दुःखाचे स्मरण देतो, की जगण्याचे बळही देतो? प्रस्तुत लेखात पालि वाङ्मयातील काही प्रसंगांच्या आधारे या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

तथागतांचे वार्धक्य

सर्वप्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, स्वतः तथागत वृद्ध झाले आणि त्यांच्या वार्धक्याचे वर्णन पालि ग्रंथांनी लपवून ठेवलेले नाही. संयुत्त निकायातील इंद्रिय संयुत्तात ‘जराधम्म’ नावाचे एक लहानसे सुत्त आहे. श्रावस्तीच्या पूर्वारामात, विशाखेने बांधून दिलेल्या प्रासादात तथागतांचा निवास होता. एका संध्याकाळी ते मावळतीच्या उन्हात पाठ शेकत बसले होते. आयुष्मान आनंद त्यांचे हातपाय चोळत होते. चोळता चोळता आनंदांच्या लक्षात आले की तथागतांच्या कांतीचे पूर्वीचे तेज राहिलेले नाही, अंगावर सुरकुत्या पडल्या आहेत, देह पुढे वाकला आहे आणि इंद्रियांतही पालट दिसतो आहे. त्यांनी ते जसेच्या तसे बोलून दाखविले. तथागतांनी त्यांचे म्हणणे मान्य केले. तारुण्यातच जरेचा धर्म असतो, आरोग्यातच रोगाचा आणि जीवनातच मरणाचा, एवढेच त्यांनी समजावून सांगितले.

या प्रसंगात ना चमत्कार आहे, ना देहाविषयीची लाज. मार्गदाता म्हातारा झाला आहे, त्याला ऊब हवी आहे, कोणीतरी हातपाय चोळून द्यावे लागत आहेत आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. महापरिनिब्बान सुत्तातही हेच दिसते. वैशालीजवळच्या बेलुव गावी शेवटचा वर्षावास चालू असता तथागतांना तीव्र वेदनांचे आजारपण आले. त्यातून उठल्यावर त्यांनी आनंदांना सांगितले की आपले वय ८० झाले आहे आणि पट्ट्यांनी बांधून जुनी गाडी कशीबशी चालवावी तसा हा देह चालला आहे. याच प्रसंगी त्यांनी असेही स्पष्ट केले की, शिष्यांपासून काही झाकून ठेवणारी आचार्याची मूठ आपण कधी वळली नाही. यापुढे प्रत्येकाने स्वतःच स्वतःचा आधार व्हावे, धम्माला आधार मानावे.

त्यानंतरचा एक तपशील विशेष मननीय आहे. देह इतका थकलेला असतानाही चापाल चेतियाजवळ बसून तथागत वैशाली नगरी आणि तिच्या भोवतालची चेतिये किती रमणीय आहेत, हे आनंदांना सांगतात. पुढे कुसिनारा येथे अखेरच्या रात्री सुभद्र नावाचा परिव्राजक शंका घेऊन येतो. आनंद त्याला थोपवू पाहतात; पण तथागत त्याला जवळ बोलावून धम्म समजावून देतात. देहाची सत्यस्थिती ओळखणे, सौंदर्याला दाद देणे आणि शेवटपर्यंत दुसऱ्याच्या उपयोगी पडणे, या तिन्ही गोष्टी येथे एकत्र नांदतात. ज्याला निराशा म्हणावे असे यात काही नाही.

नकुलपित्याचा प्रश्न

तथागतांना जे साधले ते सामान्य गृहस्थाला कसे साधावे, असा प्रश्न येथे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर संयुत्त निकायातील ‘नकुलपिता सुत्ता’त मिळते. नकुलपिता हा भग्ग देशातील सुंसुमारगिरी येथील गृहस्थ उपासक. भेसकळावनात तथागतांची भेट घेऊन त्याने आपली व्यथा मांडली. वय झाले आहे, देह सतत आजारी असतो, दर्शनाला येणेही क्वचितच जमते, तेव्हा आपल्या हिताचे काही सांगावे, अशी त्याची विनंती होती. तथागतांनी त्याला खोटा धीर दिला नाही. असा देह बाळगून जो क्षणभराच्याही आरोग्याची ग्वाही देईल तो अजाणच म्हणावा लागेल, असे सांगून त्यांनी एकच अभ्यास दिला : देह आजारी असला तरी चित्त आजारी होणार नाही, असे स्वतःला घडवावे.

नकुलपिता प्रसन्न मुखाने तेथून निघाला आणि सारिपुत्तांकडे गेला. देह आजारी असूनही चित्त आजारी नसणे म्हणजे नेमके काय, याचे विवरण सारिपुत्तांनी केले. रूप, वेदना, संज्ञा, संस्कार आणि विज्ञान या पाच स्कंधांना जो ‘हे मी, हे माझे’ म्हणून घट्ट धरून बसतो, त्याचे चित्त त्या स्कंधांत पालट होताच शोकाने व्याकुळ होते. जो असे धरून बसत नाही, त्याच्याही स्कंधांत पालट होतोच. परंतु त्यामुळे तो शोकात बुडत नाही.

हे तत्त्वज्ञान आपल्या घरांत रोज दिसते. तीस-पस्तीस वर्षे कार्यालयात, गिरणीत, रेल्वेत किंवा शाळेत घालविलेला माणूस निवृत्त होतो. दुसऱ्या दिवसापासून कोणी त्याला नमस्कार करीत नाही, त्याच्या सहीवाचून काही अडत नाही. ‘मी म्हणजे ते पद’ असे ज्याने धरले होते, त्याचे म्हातारपण त्याच दिवशी सुरू होते, मग देह कितीही धडधाकट असो. स्त्रियांच्या बाबतीत स्वयंपाकघराचा ताबा सुनेकडे जाणे हाच तसा प्रसंग ठरतो. ज्यांनी कामाला काम मानले आणि त्यात ‘मी’ गुंतवला नाही, त्यांना काम सुटले तरी आपण संपलो असे वाटत नाही.

दोन बाण

संयुत्त निकायाच्याच वेदना संयुत्तातील ‘सल्ल सुत्त’ हा विचार आणखी सोपा करून सांगते. शारीरिक वेदना झाली की अशिक्षित मनाचा माणूस शोक करतो, आक्रंदतो. म्हणजे त्याला एकामागून एक दोन बाण लागतात, एक देहाला आणि दुसरा मनाला. शिक्षित मनाच्या माणसाला पहिला बाण लागतो. दुसरा लागत नाही.

गुडघा दुखतो, हा पहिला बाण. ‘माझेच असे का झाले, मी सर्वांना ओझे झालो, पूर्वी मी किती कोस चालत होतो’, हा दुसरा बाण. पहिल्यावर औषधोपचार करावा, काही अंशी तो सोसावा. दुसरा मात्र आपल्याच मनाच्या भात्यातून निघालेला असतो आणि स्मृतीच्या म्हणजे सतीच्या अभ्यासाने तो थांबविता येतो. दुखणे आले की ‘ही वेदना आहे’ एवढीच नोंद घ्यावी, तिच्याभोवती कथा रचू नये, हा तो अभ्यास होय. तो साठीनंतरच सुरू करावा असे नाही. अंगुत्तर निकायात स्त्री-पुरुष, गृहस्थ आणि प्रव्रजित अशा सर्वांनी वारंवार चिंतन करावयाच्या पाच गोष्टी सांगितल्या आहेत व त्यांत पहिली आपल्या जराधर्माची आहे. तिच्या चिंतनाने तारुण्याचा मद उतरतो, असे तेथे म्हटले आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. वृद्ध आईला वेळेवर जेवण न मिळणे, वडिलांची पेन्शन परस्पर काढून घेतली जाणे, औषधाला पैसे नाकारणे, हे दुसरे बाण नव्हेत. हा अन्याय आहे आणि ‘मन शांत ठेवा’ एवढे सांगून त्याची बोळवण करणे धम्माला मान्य होणार नाही. २००७ साली संसदेने केलेल्या कायद्यानुसार आई-वडिलांना व ज्येष्ठ नागरिकांना न्यायाधिकरणापुढे निर्वाहखर्च मागता येतो. हा हक्क बजावणे म्हणजे तृष्णा नव्हे. मनाची शांती राखणे आणि अन्यायाला विरोध करणे या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत, हे बाबासाहेबांच्या अनुयायांना वेगळे सांगावयास नको.

पिकलेले केस आणि थोरपण

वय वाढले म्हणून माणूस आपोआप थोर होत नाही, हेही धम्म तितक्याच स्पष्टपणे सांगतो. लकुंटक भद्दिय हे थेर शरीराने अतिशय ठेंगणे होते. धम्मपदाच्या अट्ठकथेनुसार, त्यांना पाहून आलेल्या भिक्खूंना तो कोणी लहान सामणेर वाटला. तेव्हा तथागतांनी, केस पिकल्याने कोणी थेर होत नाही, सत्य, अहिंसा आणि संयम ज्याच्या ठायी आहेत तोच थेर, अशी समज दिली. धम्मपदातील जरावग्गात तर अल्पश्रुत माणसाच्या वाढत्या वयाची तुलना बैलाशी केली आहे : त्याचे मांस वाढते, प्रज्ञा वाढत नाही.

याचाच दुसरा अर्थ असा की, प्रज्ञेच्या वाढीला वयाची अट नाही. थेरीगाथेतील सोणा थेरी ही दहा मुलांची माता. अट्ठकथा सांगते की, मालमत्ता मुलांत वाटून दिल्यावर तिची घरात अवहेलना होऊ लागली. म्हातारपणी तिने प्रव्रज्या घेतली. आपल्याजवळ वेळ थोडा आहे हे ओळखून ती रात्री प्रासादाच्या खालच्या मजल्यावर खांबाचा आधार घेत चंक्रमण करी. तीच सोणा पुढे प्रयत्नशील भिक्खुणींमध्ये अग्र मानली गेली. ज्या संघात शेकडो तरुण भिक्खुणी होत्या, तेथे उद्योगशीलतेचा मान एका वृद्धेला मिळाला, याचा प्रत्येक ज्येष्ठ उपासिकेने विचार करावा.

आपल्या काळातील उदाहरण तर सर्वांच्या डोळ्यांपुढे आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी धम्मदीक्षा घेतली तेव्हा बाबासाहेब ६५ वर्षांचे होते. मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने देह जर्जर झाला होता. तरीही त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ते काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले आणि १९५७ साली प्रकाशित झालेल्या त्यांच्या महान ग्रंथाचे काम अखेरपर्यंत त्यांच्या मनात होते. ज्या वयात माणसे आवराआवर करतात, त्या वयात त्यांनी एका समाजाच्या नव्या जीवनाचा आरंभ केला.

आजही वर्षावासाच्या तीन महिन्यांत महाराष्ट्रातील असंख्य विहारांत सायंकाळी ग्रंथवाचन होते आणि पुढच्या रांगेत बहुधा वृद्ध माता बसलेल्या असतात. त्यांतील कित्येकींना शाळेचा उंबरठा ओलांडू दिला गेला नव्हता. ऐकून ऐकून त्या बहुश्रुत होत आहेत. जरावग्गातील त्या कठोर उपमेला याहून चांगले उत्तर नाही.

रुग्ण आणि शुश्रूषक

विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्खू आपल्याच मलमूत्रात पडून होता. तो इतरांच्या उपयोगी पडत नव्हता, म्हणून त्याच्याकडे कोणी फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदांसह त्याला स्वतः धुतले, उचलून मंचावर निजविले आणि रुग्णाची सेवा हीच आपली सेवा, असे संघाला बजावले. उपयोग संपलेल्या माणसाचीही काळजी घेतली पाहिजे, हा नियम वृद्धांनाही लागू पडतो.

याच ठिकाणी रुग्ण आणि शुश्रूषक या दोघांचेही गुण सांगितले आहेत. ज्याची शुश्रूषा सुलभ होते, तो रुग्ण पथ्य पाळतो, त्यात प्रमाण राखतो, औषध घेतो, आपले दुखणे वाढले की कमी झाले ते खरे सांगतो आणि वेदना सोसतो. चांगला शुश्रूषक औषध तयार करू शकतो, पथ्यापथ्य जाणतो, लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा करतो, मलमूत्राची किळस बाळगत नाही आणि वेळोवेळी धम्माच्या बोलण्याने रुग्णाला धीर देतो. आपल्या घरांतील निम्मी भांडणे हे दहा गुण दोन्ही बाजूंनी पाळल्यास मिटतील. म्हाताऱ्याने गोळी चोरून टाकून देऊ नये, दुखणे लपवू नये वा फुगवून सांगू नये. तरुणाने नाक मुरडू नये आणि केवळ वाटणीवर डोळा ठेवून सेवा करू नये.

सिगालोवाद सुत्तात आई-वडिलांचे पोषण करणे हे अपत्याचे पहिले कर्तव्य सांगितले आहे; तर योग्य वेळी वारसा सोपविणे हे आई-वडिलांचे कर्तव्य मानले आहे. हा वारसा केवळ घर-जमिनीचा नसतो. विहार समितीचे अध्यक्षपद, संस्थेच्या किल्ल्या, भाषणाचा पहिला मान, हेही वेळेवर सोपविण्याचे वारसे आहेत. आचार्याची मूठ न वळणाऱ्या तथागतांचा उपासक पदाची मूठ कशी वळू शकेल?

सारांश, जरा हे दुःख आहे, हे धम्म नाकारीत नाही. देह झिजणारच. परंतु चित्ताचे आजारपण अटळ नाही, शिकण्याचा आणि उपयोगी पडण्याचा काळ संपलेला नाही, आणि वृद्धाला सांभाळणे हे समाजाचे कर्तव्य आहे, असे तोच धम्म सांगतो. बाबासाहेबांनी ज्या आशेची मागणी केली होती, ती नकुलपित्याला दिलेल्या त्या एका अभ्यासात आहे. तो अभ्यास आज गुडघे दुखणाऱ्याने करावा आणि ज्याचे अद्याप दुखत नाहीत त्यानेही करावा.