सात डिसेंबरनंतरची गोदी

७ डिसेंबर १९४१. हल्ला करून जपानी विमानं निघून गेली होती. पर्ल हार्बरच्या पाण्यात ‘ओक्लाहोमा’ ही युद्धनौका उलटी पडली होती आणि तिच्या पोटातून ठोके ऐकू येत होते. आत माणसं जिवंत होती. सुरुवातीला गॅसच्या ज्योतीने पोलाद कापून पाहिलं, पण त्या ज्योतीने आतली हवा खाल्ली आणि अडकलेल्यांपैकी काही जण गुदमरले. मग गोदीतला मुकादम ज्युलिओ डीकास्ट्रो आपली टोळी घेऊन आला. हवेच्या दाबावर चालणाऱ्या छिन्न्यांनी त्यांनी तळाचं पोलाद तोडायला घेतलं. भोक पडलं की आत कोंडलेली हवा बाहेर सुटायची आणि खालून पाणी चढायला लागायचं, त्यामुळे एकदा छिन्नी लावली की हात थांबवून चालत नव्हतं. विमानं पुन्हा येतील या धास्तीत ते काम रात्रभर चाललं. त्या नौकेवरची ४२९ माणसं गेली. उलट्या तळातून ३२ जण जिवंत बाहेर आले.

डीकास्ट्रो सैनिक नव्हता. तो हवाईत जन्मलेला, नौदलाच्या गोदीत नोकरी करणारा साधा नागरिक होता. पर्ल हार्बरचं नाव निघालं की जगाला त्या सकाळचे दोन तास आठवतात, धूर आणि ‘अ‍ॅरिझोना’ ही युद्धनौका आठवते. पण त्यानंतर पावणेचार वर्षं युद्ध चाललं आणि ते चालू ठेवण्यात या गोदीचा आणि तिच्या आसपासच्या बेटकऱ्यांचा वाटा फार मोठा होता. मुंबईत माझगावला किंवा नौदलाच्या गोदीत ज्यांच्या घरातलं कुणी पाळीवर गेलं असेल, त्यांना हे वेगळं पटवून द्यावं लागणार नाही.

या गोदीची सुरुवातच अपयशाने झाली. अमेरिकी काँग्रेसने १९०८ मध्ये तिला मंजुरी दिली आणि पुढच्या वर्षी पहिल्या ड्राय डॉकचं खोदकाम सुरू झालं. ड्राय डॉक म्हणजे समुद्राला दार असलेला भलामोठा हौद. जहाज आत घ्यायचं, दार लावायचं, पाणी उपसायचं आणि कोरड्या जमिनीवर उभ्या जहाजाच्या तळाला हात घालायचा. १९१३च्या फेब्रुवारीत या हौदातलं पाणी उपसताना जमिनीखालच्या पाण्याच्या दाबाने सारं बांधकाम उखडलं गेलं. ही जागा शार्क देवतेची आहे, इथे खणू नका, असं जुनेजाणते हवाईयन आधीपासून सांगत होते. पुन्हा नव्या पद्धतीने बांधत अखेर १९१९ मध्ये तो हौद खुला झाला.

हल्ल्याच्या सकाळी याच हौदात ‘पेनसिल्व्हेनिया’ ही युद्धनौका आणि दोन विनाशिका होत्या. काठावरच्या क्रेनवर जॉर्ज वॉल्टर्स हा गोदी कामगार होता. तो आपली क्रेन रुळांवरून ‘पेनसिल्व्हेनिया’च्या शेजारी पुढेमागे नेत राहिला. विमानांना नीट झेप घेता येऊ नये म्हणून क्रेन आड घालायची, आणि विमान कुठून येतंय ते उंचावरून दिसताच क्रेनची दांडी त्या दिशेला फिरवून खालच्या तोफवाल्यांना इशारा द्यायचा. पहिल्यांदा ते त्याच्यावर वैतागले, मग त्याच्या दांडीकडे बघून नेम धरू लागले. जपान्यांनी जहाजं बुडवली, विमानं जाळली. पण दुरुस्तीच्या कार्यशाळा, तेलाच्या टाक्या आणि पाणबुड्यांचा तळ जवळपास शाबूत राहिला. माझ्या मते त्यांची सगळ्यात महाग पडलेली चूक हीच.

ती किती महाग पडली ते सहा महिन्यांच्या आत दिसलं. ८ मे १९४२ ला कोरल समुद्राच्या लढाईत ‘यॉर्कटाउन’ या विमानवाहू जहाजावर बॉम्ब पडला. तो वरचा डेक भेदून खोल आत फुटला आणि मजल्यामजल्यांच्या आडभिंती फाटल्या. दुरुस्तीला नव्वद दिवस लागतील असा अंदाज होता. पण गुप्तलेखन फोडणाऱ्यांकडून अमेरिकेच्या पॅसिफिक ताफ्याचे प्रमुख अ‍ॅडमिरल निमित्झ यांना कळलं होतं की जपानी आरमार मिडवे बेटावर येतंय, आणि तेही लवकरच. २७ मे ला ‘यॉर्कटाउन’ तेलाचा लांबलचक ओघळ मागे सोडत बंदरात आली. एरवी जहाज हौदात घेण्याआधी त्यातलं विमानांचं पेट्रोल उपसून काढतात. तेवढाही वेळ घेतला नाही, दुसऱ्याच दिवशी सकाळी तिला हौदात घेतलं. पाणी पुरतं उपसलंही नव्हतं तेव्हा निमित्झ स्वतः लांब रबरी बूट घालून खाली उतरले आणि जहाज तीन दिवसांत हवंय, असं त्यांनी सांगून टाकलं.

मग चौदाशेच्या आसपास कामगार तिच्यावर तुटून पडले. नकाशे काढायला सवड नव्हती. फाटलेल्या भिंतीला लाकडी फळ्या लावून जागेवरच माप घ्यायचं, त्या मापाचा पोलादी पत्रा कापून आणायचा आणि वेल्डिंग करून बसवायचा. वेल्डिंगच्या यंत्रांना इतकी वीज लागत होती की होनोलुलूच्या वीज कंपनीने शहराच्या एकेका भागाची वीज आळीपाळीने बंद ठेवली. वीज का गेली, हे घराघरांत कुणालाच सांगता येत नव्हतं. ३० मे च्या सकाळी ‘यॉर्कटाउन’ बाहेर पडली. ती पूर्ण दुरुस्त झालेली नव्हती, पण विमानं उडवू शकत होती. ती बुडाली किंवा निकामी झाली, असं जपानी धरून चालले होते. ४ जूनला मिडवेजवळ तिच्या विमानांनी ‘सोर्यू’ हे जपानी विमानवाहू जहाज बुडवलं. जपानने त्या लढाईत चार विमानवाहू जहाजं गमावली. ‘यॉर्कटाउन’ही त्यातून परतली नाही, ७ जूनच्या पहाटे ती बुडाली. ज्यांनी दोन दिवस डोळ्याला डोळा न लावता तिला उभं केलं, त्यांना ती बातमी कशी लागली असेल, याचा विचार मनातून जात नाही.

याहून संथ आणि याहून भयंकर काम बंदराच्या तळाशी चाललं होतं. कॅप्टन होमर वॉलिन यांच्या हाताखाली नौदलाचे आणि खाजगी कंपन्यांचे पाणबुडे बुडालेल्या जहाजांत शिरत. तेलाने काळ्या झालेल्या पाण्यात दिवाही निरुपयोगी, सगळं काम हाताने चाचपून करायचं. कुजलेल्या कागदातून आणि अन्नातून विषारी वायू सुटायचा, ‘नेव्हाडा’वर त्याने दोघांचा जीव घेतला. ‘वेस्ट व्हर्जिनिया’च्या कुशीला टॉर्पेडोंनी पाडलेली भगदाडं बुजवायला प्रचंड सांगाडे तयार केले, पाण्याखाली काँक्रीट ओतून त्यांचे सांधे बंद केले आणि १७ मे १९४२ ला ते जहाज तरंगलं. आत साठाहून अधिक मृतदेह सापडले. पाणी न शिरलेल्या एका खोलीत तिघांचे देह होते आणि भिंतीवर कॅलेंडर होतं. त्यावर २३ डिसेंबरपर्यंतच्या तारखांवर फुल्या मारलेल्या होत्या. ते जहाज साफ करणाऱ्या, रंगवणाऱ्या, तारा बदलणाऱ्या माणसांनी हे सगळं पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर गेली. हेच जहाज २ सप्टेंबर १९४५ ला जपानने शरणागती पत्करली तेव्हा टोकियोच्या उपसागरात उभं होतं.

गोदीच्या कामगारांची संख्या युद्धात वीस हजारांवर गेली. त्यात हवाईयन होते, पोर्तुगीज, चिनी आणि फिलिपिनो वंशाचे होते, अमेरिकेच्या मुख्य भूमीवरून आलेले होते, आणि यंत्रांवर उभ्या राहिलेल्या बायका होत्या. गोदीबाहेरही प्रत्येकाच्या वाट्याला काही ना काही आलं. फुलांचे लेई, म्हणजे हार, विणणाऱ्या बायका लष्करासाठी तोफांवर टाकायच्या जाळ्या विणू लागल्या, त्यांची बोटं त्या कामात आधीच तयार होती. फोर्ट शाफ्टरच्या भुयारात स्त्रिया चोवीस तास पाळ्या लावून रडारवर दिसणारं प्रत्येक विमान नकाशाच्या टेबलावर मांडत. त्यांतल्या कित्येक सैनिकांच्या बायका होत्या. शाळकरी मुलं आठवड्यातला एक दिवस उसाच्या आणि अननसाच्या शेतांत राबत. बेटं जपानच्या हाती पडली तरी डॉलर त्याच्या हाती लागू नयेत म्हणून नेहमीच्या नोटा काढून घेतल्या, ‘हवाई’ असा ठळक शिक्का असलेल्या नव्या नोटा दिल्या, आणि जमा झालेल्या सुमारे वीस कोटी डॉलरच्या नोटा स्मशानातल्या भट्टीत आणि साखर कारखान्यात जाळल्या.

बेटांवर तेव्हा जपानी वंशाचे दीड लाखाहून अधिक लोक होते, लोकसंख्येच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त. मुख्य भूमीवर पश्चिम किनाऱ्यावरच्या अशा लोकांना सरसकट छावण्यांत टाकलं गेलं. हवाईत सगळ्यांना उचललं असतं तर बेटंच बंद पडली असती. म्हणून थोड्यांना डांबलं आणि बाकीच्यांना संशयाखाली ठेवून कामाला लावलं. संरक्षणाच्या कामांवर त्यांना काळ्या काठाचा बिल्ला लावावा लागे. हवाई विद्यापीठातल्या अशा तरुणांना रक्षक दलातून काढून टाकलं, तेव्हा त्यांनी बंदूक नको तर फावडं द्या असा अर्ज केला. १६९ जणांनी जवळपास वर्षभर दगड फोडले, रस्ते बांधले. १९४३ मध्ये लष्कराने जपानी वंशाच्या लोकांची पलटण उभारायचं ठरवून हवाईतून १५०० जण मागितले, तर दहा हजारांच्या आसपास पुढे आले. ज्यांच्यावर सर्वांत कमी विश्वास ठेवला, त्यांनी मागितल्यापेक्षा कितीतरी जास्त दिलं. हे लिहिताना अभिमान आणि राग दोन्ही वाटतात.

दिलेलं सगळंच मनाने दिलेलं नव्हतं, हेही सांगितलं पाहिजे. हल्ल्याच्या दिवशी लागू झालेला लष्करी कायदा २४ ऑक्टोबर १९४४ पर्यंत उठला नाही. कामगाराला परवानगीशिवाय नोकरी सोडता येत नसे. कामावर गैरहजर राहिला तर लष्करी न्यायालय दंड किंवा तुरुंगवास सुनावे. वकील, पुरावे, ज्यूरी यांत वेळ न घालवता काही मिनिटांत निकाल लागत. काही वेळा शिक्षेऐवजी रक्तदान करायला किंवा युद्धरोखे घ्यायला लावत. शत्रू हजारो मैल मागे हटल्यावरही हे चालू होतं. ज्या लोकांनी रात्ररात्र जागून आरमार उभं केलं, त्यांना नागरिकाचे साधे हक्क नाकारण्याचं समर्थन मला कुठल्याही कारणाने करता येत नाही.

याला आव्हान दिलं तेही गोदीतल्याच माणसाने. लॉइड डंकन हा जहाजांचे पत्रे बसवणारा नागरी कारागीर. फेब्रुवारी १९४४ मध्ये गोदीच्या पहाऱ्यावरच्या दोन मरीन सैनिकांशी त्याची मारामारी झाली. नागरी न्यायालयं उघडी असताना लष्करी न्यायालयाने त्याला सहा महिन्यांची शिक्षा दिली. डंकन अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. खटल्यातला प्रतिवादी होता होनोलुलूचा शेरीफ ड्यूक काहानामोकू, ऑलिंपिकमध्ये पोहण्याची सुवर्णपदकं मिळवलेला आणि लाटांवर स्वार होण्याचा खेळ जगभर नेणारा हवाईयन. २५ फेब्रुवारी १९४६ ला, युद्ध संपून अर्धं वर्ष उलटल्यावर, निकाल लागला: हवाईच्या नागरिकांवर असे लष्करी खटले चालवण्याचा अधिकार सैन्याला नव्हता.