ना हरकत, पण फाईल हलत नाही

मुंबई ही महाराष्ट्राची राजधानी. इथे सरकारे बदलतात, मंत्र्यांच्या दारावरच्या पाट्या बदलतात, स्टेशनांची नावेही बदलतात. बदलत नाही ती फक्त सरकारी कचेरीतली खिडकी. तिच्यासमोर अर्ज घेऊन उभे राहण्याचा योग राजधानीत राहणाऱ्या प्रत्येक घरावर वर्षातून दोन-चारदा तरी येतोच. कधी जन्माचा दाखला, कधी रेशनकार्डात सुनेचे नाव, कधी शाळेसाठी उत्पन्नाचा दाखला.

या खिडकीची भाषा जरा कान देऊन ऐका. अर्ज, दाखला, नक्कल, तारीख, मंजूर, नामंजूर, शिफारस, हजर, रजा, महसूल, तहसील, जिल्हा, कायदा, वकील, दस्तऐवज. साहेब बसतात ती खुर्ची अरबीतून आलेली. सही करतात ती शाई फारसीतून. आमच्या उर्दू शाळेतल्या पोराला यातले बहुतेक शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. सगळ्या व्यवहारात अस्सल देशी असे एकच वाक्य ऐकू येते, आणि तेच सर्वांत जास्त ऐकू येते: "उद्या या."

त्यातही 'ना हरकत दाखला' हे प्रकरण आम्हांला फार आवडते. मराठीत हरकत म्हणजे आक्षेप. उर्दूत हरकत म्हणजे हालचाल. मराठी वाचणारा समजतो की आता कुणाचा आक्षेप उरला नाही, काम होणार. उर्दू वाचणारा समजतो, जे हलत नाही ते. सहा महिने फाईल एकाच टेबलावर पडून राहिली की कोणता अर्थ खरा, ते आपोआप कळते.

हे शब्द आले कसे, हे सर्वांना माहीत आहे. बहमनी काळापासून दरबाराची भाषा फारसी होती आणि कारभार पाहणारे देशमुख-कुलकर्णी मराठी होते. दोघांच्या रोजच्या उठबशीतून ही भाषा घडली. शिवाजी महाराजांनी रघुनाथपंतांकडून 'राज्यव्यवहारकोश' करवून घेतला. त्यात सुमारे चौदाशे दरबारी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले होते. त्यात गैर काहीच नव्हते. ज्याचे राज्य त्याला आपल्या भाषेत कारभार हवाच. विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ केली. मेयरचा महापौर झाला, तारखेशेजारी दिनांक येऊन बसला. दुसरीकडे माधव जूलियन यांनी १९२५ मध्ये 'फार्शी-मराठी कोश' सिद्ध केला. मराठीत मुरलेले शब्द त्यांनी प्रेमाने टिपून ठेवले. लोकांनी काय केले? लोकांनी दोन्ही ठेवले. आज फॉर्मवर 'दिनांक' छापलेला असतो आणि खिडकीतला माणूस विचारतो, "तारीख टाकली का?" सरकारे कितीही बदलली, तरी 'सरकार' हा शब्द फारसीच राहिला.

आता एवढे सगळे शब्द आपल्या घरचे असताना याच खिडकीवर आपल्याला एक शाबासकी मिळते. आतला माणूस आधी नाव वाचतो, मग चेहरा बघतो, दोन वाक्ये ऐकतो आणि मनापासून म्हणतो, "अरे वा, तुम्ही मराठी छान बोलता हो!" त्याच्या मनात वाईट काही नसते. पण रत्नागिरीच्या मोहल्ल्यातून, सोलापूरच्या पेठेतून किंवा बीड-परभणीकडच्या गावातून आलेल्या माणसाने यावर काय म्हणावे? "तुमचेही छान आहे" म्हटले तर ते उद्धटपणाचे ठरते आणि अर्ज खालच्या गठ्ठ्यात जातो. म्हणून आपण हसतो आणि पावती घेऊन निघतो.

खरे तर ही शाबासकी कुणी श्रीगोंद्याच्या शेख महंमदांना दिली नव्हती. त्यांनी 'योगसंग्राम' मराठीत लिहिला, तेव्हा त्यांची भाषा कुठून आली हे कुणाला विचारावेसे वाटले नाही. बार्शीच्या शाहीर अमर शेखांनाही कुणी दिली नव्हती. मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून अण्णाभाऊ साठे आणि गवाणकर यांच्यासोबत ज्या आवाजाने मैदाने जागी ठेवली, तो आवाज एका शेखांचा होता. १ मे १९६० रोजी मुंबई राजधानी झाली, त्यात त्या आवाजाचाही हिस्सा आहे. हुतात्मा चौकावरून बस जाते तेव्हा मुलांना एवढे तरी सांगायला हवे.

गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, भाषेवरून राजधानीत मोठी गंमत झाली. १५ एप्रिलला दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाने अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या पाटीचा निकाल दिला. पाटीवर मराठीखाली उर्दू लिहिले होते, एवढाच वाद. न्यायालयाने उर्दू राहू दिली आणि भाषा म्हणजे धर्म नव्हे, उर्दू इथलीच आहे, असे स्पष्ट केले. दुसऱ्याच दिवशी, १६ एप्रिलला, मुंबईतून शासन निर्णय निघाला की मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य. मग गदारोळ उठला. जूनमध्ये 'अनिवार्य'च्या जागी 'सर्वसाधारणपणे' आले. २९ जूनला निर्णयच मागे घेतले गेले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली.

मराठीसाठी लोक उभे राहिले, हे चांगलेच झाले. आमचाही त्याला पाठिंबाच होता. पण त्या दिवसांत प्रत्येक सभेत एक प्रश्न विचारला गेला: सहा वर्षांच्या कोवळ्या जीवाला तीन भाषा झेपतील का? आम्ही उर्दू शाळेचे शिक्षक हा प्रश्न ऐकून एकमेकांकडे बघत होतो. उर्दू माध्यमातले मूल पहिलीपासून तीन भाषा शिकते: उर्दू, मराठी आणि इंग्रजी. उर्दूची वही उजवीकडून उघडते, मराठीची डावीकडून. घरी चौथी बोली असते, कुणाची कोकणी, कुणाची दखनी, कुणाची भोजपुरी. गुजराती, कन्नड, तमिळ माध्यमांतल्या मुलांचेही तेच. या कोवळ्या जीवांची काळजी कुणाला कधी वाटली नाही. कदाचित ते जीव राजधानीत मोजलेच जात नसावेत.

ते मूल तीन भाषा शिकते, म्हणजे त्याला त्या येतातच, असे मात्र नाही. इथे बोट फक्त सरकारकडे दाखवून चालणार नाही. आपल्या घरांत उर्दूवर जीव ओवाळून टाकतात आणि मुलाला इंग्रजी शाळेत घालतात. लग्नपत्रिका उर्दूत छापतात आणि नवरदेव ती दुसऱ्याकडून वाचून घेतो. तिकडे "मराठीतच बोला" म्हणून गर्जना करणाऱ्यांचेही तेच. जूनमध्ये इंग्रजी शाळेच्या फाटकापाशी दोघे शेजारी उभे असतात आणि शिपायाशी हिंदीत बोलत असतात. राष्ट्रीय एकात्मतेचा एवढा सुंदर देखावा दुसरीकडे कुठे दिसत नाही. पालिका आठ माध्यमांतून शाळा चालवते, पण मराठी वर्गांतली बाके रिकामी होत चालली आहेत.

यात नुकसान कुणाचे होते, ते बघा. दहावीपर्यंत मराठी विषय घेऊन पास झालेल्या आमच्या मुलीला रेशनकार्डात नाव घालण्याचा अर्ज स्वतः लिहिता येत नसेल, तर ती कचेरीबाहेरच्या दलालाच्या टेबलाशी जाते. जो अर्ज एका पानाचा, त्याचे दोन-तीनशे रुपये मोजते. त्यात लिहिलेले वाचता आले नाही तर सही करताना घाबरते. राज्याच्या नोकरीत मराठी लागतेच, तिथेही ती मागे राहते. भाषा ही अभिमानाची गोष्ट आहेच, पण त्याआधी ती हक्क मागण्याचे साधन आहे.

सूरह रूममध्ये माणसांच्या भाषांचे वेगवेगळे असणे ही अल्लाहची निशाणी म्हटली आहे. निशाणीशी वैर कसे धरायचे? उर्दू वाढवण्यासाठी मराठी कमी करावी लागत नाही आणि मराठी वाढवण्यासाठी उर्दू पुसावी लागत नाही. दोघींचे अर्धे कपाट एकच आहे.

म्हणून आमची एक साधी सूचना आहे. या सुट्टीत घरातल्या आठवीच्या पुढच्या मुलामुलींकडून तीन अर्ज लिहून घ्या. एक शाळेला, एक वॉर्ड ऑफिसला गल्लीतल्या तुंबलेल्या गटाराबद्दल, एक माहितीच्या अधिकाराखाली. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून हा तिसरा अर्ज करता येतो आणि सर्वसाधारणपणे तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. मराठीत लिहायचे, स्वतःच्या हाताने लिहायचे आणि पोचपावती घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. गटार साफ होईल की नाही, अल्लाह जाणे. पण पोरगी दलालाच्या टेबलापाशी न थांबता सरळ आत जाईल, इन्शाअल्लाह.