विम्याची छत्री

परवा आमच्या बचत गटाच्या बैठकीत हप्ते बाजूलाच राहिले. गटातल्या एका काकूंच्या मुलाची स्कूटर मारुती मंदिराजवळ एका पादचाऱ्याला लागली. पायाचं हाड मोडलं, माणूस कमावता. आणि स्कूटरचा विमा चार महिन्यांपूर्वीच संपलेला! "लेकीच्या लग्नाची एफडी मोडावी लागणार गो," म्हणताना काकूंचे डोळे भरून आले.

चूक कशी झाली? सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला 'थर्ड पार्टी' विमा एकदम ५ वर्षांचा मिळतो. पाच वर्षं कुणी कागद बघत नाही, आणि मुदत कधी संपते ते कळतही नाही.

थर्ड पार्टी म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने हा विमा सक्तीचा आहे. माणूस जखमी झाला किंवा दगावला, तर न्यायाधिकरण ठरवेल ती रक्कम कंपनी भरते, त्याला वरची मर्यादा नाही. मात्र दुसऱ्याच्या गाडीचं, भिंतीचं नुकसान झालं तर साधारणपणे दुचाकीला १ लाख आणि कारला साडेसात लाखांपर्यंतच. पुढचं आपल्या पदरचं.

अमेरिकेत माणसाच्या इजेलाही मर्यादा असते. म्हणून तिथे वरचा विमा घेतात. 'एक्सेस' म्हणजे खालच्या पॉलिसीची मर्यादा संपली की पुढची रक्कम देणारा. 'अम्ब्रेला' म्हणजे घर, गाडी अशा अनेक पॉलिसींवर एकच छत्री, कधी खालच्यांत नसलेल्या गोष्टींनाही आधार. आपल्याकडे असा विमा मुख्यतः कंपन्या घेतात. पण घरी पाहुणे ठेवणाऱ्या, खानावळ चालवणाऱ्या मैत्रिणींनी 'पब्लिक लायबिलिटी' विम्याची चौकशी जरूर करावी. पाहुणा ओल्या पायरीवरून घसरला, तर तो उपयोगी पडतो.

पण मैत्रिणींनो, वरची छत्री नंतर. आधी अंगावरचं इरलं तरी धड आहे का ते बघा! आज रात्री जेवणं झाली की घरातल्या प्रत्येक गाडीची पॉलिसी काढा, मुदतीची तारीख कॅलेंडरवर लिहा. मुलाचं लायसन्सही बघा. ते नसेल तर कंपनी भरपाई देऊन तेवढे पैसे गाडीच्या मालकाकडून वसूल करू शकते.

काकूंनी परवाच नवी पॉलिसी काढली. पण झालेल्या अपघाताला ती लागू नाही.