जिवाणू खते
जिवाणू खते : पिकांना पोषक द्रव्ये मिळवून देणाऱ्या सूक्ष्मजीवांची, बियाण्यास, रोपांच्या मुळांस अथवा जमिनीत देण्याजोगी जिवंत संवर्धने. रासायनिक खतात पोषक द्रव्य तयार स्थितीत असते. जिवाणू खताची उपयुक्तता मात्र त्यातील जिवाणू जिवंत असण्यावर व ते पिकाशी जुळण्यावर अवलंबून असते. शिंबावंत (शेंगा येणाऱ्या) पिकांसाठी ऱ्हायझोबियम व त्याच्या निकटचे वंश, तृणधान्यांसाठी ॲझोटोबॅक्टर व ॲझोस्पिरिलम आणि जमिनीतील अविद्राव्य फॉस्फेट विरघळविणारे बॅसिलस व स्यूडोमोनस वंशांतील काही जिवाणू असे त्यांचे प्रमुख गट आहेत. यांपैकी पहिल्या गटाचा अभ्यास सर्वांत जुना असून त्याची माहिती पुढे दिली आहे.

इतिहास : हरभरा, तूर इ. पिकांचा बेवड पुढील पिकास मानवतो, हा शेतकऱ्यांचा जुना अनुभव आहे. त्याचे कारण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उमगले. हेलरीगेल व व्हिलफार्ट या जर्मन शास्त्रज्ञांनी १८८६–८८ मध्ये असे दाखविले की, नायट्रोजनविरहित निर्जंतुक वाळूत वाटाण्याची वाढ खुंटते. परंतु तीत शेतातील मातीचा थोडा अर्क मिसळल्यास मुळांवर गाठी येऊन रोपे जोमाने वाढतात. तृणधान्यांना असा लाभ होत नाही. १८८८ मध्ये डच शास्त्रज्ञ बायेरिंक यांनी गाठींतील जिवाणू वेगळे केले. त्यानंतर नॉबे व हिल्टनर यांनी ‘नायट्राजिन’ या नावाने त्यांचे संवर्धन बाजारात आणले.

कार्य : हवेत सु. ७८% नायट्रोजन असला, तरी त्याच्या रेणूतील तिहेरी बंध वनस्पतींना तोडता येत नाही. जिवाणू मूलरोमांतून आत शिरतात व मुळांवर गाठी निर्माण होतात. तेथे नायट्रोजनेज या एंझाइमाच्या साहाय्याने ते नायट्रोजनाचे अमोनियात रूपांतर करतात आणि मोबदल्यात वनस्पतीकडून कार्बनयुक्त अन्न घेतात. हे एंझाइम ऑक्सिजनामुळे निकामी होते. गाठीतील लेगहीमोग्लोबिन हे रंगद्रव्य मुक्त ऑक्सिजनाचे प्रमाण अत्यल्प राखते. त्यामुळे कार्यक्षम गाठ कापल्यास आतून गुलाबी दिसते. पांढरी किंवा हिरवट गाठ सहसा निरुपयोगी असते.

वापर : प्रत्येक पिकास त्याला अनुरूप जिवाणू लागतो. उदा., सोयाबीनसाठी ब्रॅडिऱ्हायझोबियम जॅपोनिकम, तर हरभऱ्यासाठी मेसोऱ्हायझोबियम सिसेरी. एकाचे संवर्धन दुसऱ्यास लावल्यास लाभ होत नाही. सामान्यतः १० ते १५ किग्रॅ. बियाण्यास २५० ग्रॅ. संवर्धन गुळाच्या थंड केलेल्या पाण्यात कालवून हलक्या हाताने चोळतात. बियाणे सावलीत सुकवून लगेच पेरतात. कवकनाशक वापरावयाचे असल्यास ते आधी लावतात. संवर्धन ऊन व उष्णता यांपासून दूर ठेवावे लागते आणि रासायनिक खतात मिसळता येत नाही.

मर्यादा : उष्णतेत राहिलेल्या अथवा मुदत संपलेल्या पाकिटातील जिवाणू बव्हंशी मृत असतात. बाह्यतः तसे पाकीट वेगळे दिसत नाही. हंगाम गेल्यावरच शेतकऱ्यास हानी कळते. भारतात खत नियंत्रण आदेशात जिवाणू खतांचा समावेश २००६ मध्ये झाला. त्यातील मानकांनुसार ऱ्हायझोबियमाच्या भुकटीरूप संवर्धनात दर ग्रॅममागे किमान ५ कोटी जिवंत पेशी आवश्यक असतात.

संवर्धन चांगले असूनही परिणाम सर्वत्र सारखा नसतो. ज्या जमिनीत ते पीक पूर्वी घेतलेले नाही तेथे लाभ ठळक दिसतो. जेथे स्थानिक जिवाणू विपुल असतात तेथे त्यांच्याशी स्पर्धा होऊन तो कमी होतो. आम्लधर्मी जमीन, फॉस्फरस वा मॉलिब्डेनम यांची उणीव आणि नायट्रेटाचे आधिक्य यांमुळेही गाठींची वाढ व कार्य मंदावते. शिवाय स्थिर झालेल्या नायट्रोजनाचा मोठा भाग धान्याबरोबर शेताबाहेर जातो. म्हणून जिवाणू खते ही सेंद्रिय व रासायनिक खतांना पूरक ठरतात, सर्वस्वी पर्याय नव्हेत.